हालेआकालाचा उतार: माउईवरच्या सायकल सफरीची पार्श्वभूमी

हवाईतल्या माउई बेटावर सुट्टीला जाणाऱ्यांच्या यादीत एक गोष्ट हमखास असते: हालेआकाला ज्वालामुखीवरून सायकलने समुद्राकडे उतरायचं. पेडल फारसं मारावं लागत नाही, पुढे गाईड असतो, मागे व्हॅन. पण सफर शिखरावरून सुरू न होता मध्येच कुठेतरी का सुरू होते, हा प्रश्न बहुतेकांना तिथे पोचल्यावर पडतो. त्याचं उत्तर 2007 सालच्या एका निर्णयात आहे, आणि तो निर्णय समजायचा तर आधी रस्ता समजून घ्यायला हवा.

हालेआकाला म्हणजे सूर्याचं घर. हवाईच्या पुराणकथेत हिना या मातेची झाडाच्या सालीची वस्त्रं वाळत नसत, कारण सूर्य आकाशातून घाईघाईने निघून जाई. तिचा मुलगा माउई याने शिखरावरून दोर टाकून सूर्याला पकडलं आणि सावकाश चालण्याचं वचन घेऊनच सोडलं. शिखरावरून सूर्योदय पाहण्याच्या आजच्या ओढीला या कथेची साथ आहे.

शिखराची उंची 3,055 मीटर. पूर्वी वर जायचं तर घोडा, खेचर किंवा पाय, एवढेच पर्याय होते. हा भाग 1916 साली राष्ट्रीय उद्यानात आला आणि 1935 मध्ये शिखरापर्यंत मोटाररस्ता पोचला. समुद्रसपाटीपासून सुमारे 60 किलोमीटरमध्ये तीन हजार मीटरची चढण, आणि तीही एकाच सलग रस्त्यावर. अशी जागा जगात फार सापडत नाही. रस्ता आखला गेला तो मोटारींसाठी. सायकलवाल्याला सुखाने जाता येईल इतकी कडेची जागा त्यात ठेवलेली नव्हती, आणि पुढचे बरेचसे प्रश्न तिथूनच उगवले.

मजा म्हणून सायकल उतारावर सोडायची कल्पना 1970 च्या दशकात अमेरिकेच्या मुख्य भूमीवर रुजत होती. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्सजवळच्या डोंगरात 1976 पासून काही तरुण जुन्या, जाड टायरच्या क्रूझर सायकलींवर मातीच्या वाटेने शर्यती लावत. मागे पेडल दाबून लागणारे त्यांचे ब्रेक इतके तापत की आतलं ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे. शर्यतीचं ‘रीपॅक’ हे नाव त्यावरूनच पडलं. माउईवर 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला व्यावसायिक सफरी सुरू झाल्या, तेव्हा वापरात आल्या त्या याच घराण्यातल्या सायकली, फक्त ब्रेक दणकट ड्रमचे.

ब्रेकचा मुद्दा इथे किरकोळ नाही. सायकलसह 90 किलो वजन तीन हजार मीटर खाली आणायचं, तर जी ऊर्जा सुटते तिने साधारण आठ लिटर पाणी उकळेल. त्यातली काही वाऱ्यात जाते, उरलेली सगळी ब्रेकने गिळायची. म्हणून सतत ब्रेक दाबून न ठेवता वळणाआधी वेग कमी करा, असं गाईड सांगतो तेव्हा ते मनापासून ऐकावं.

जवळपास पंचवीस वर्षं सफरी शिखरावरूनच निघत. पहाटेच्या अंधारात व्हॅनने वर, गोठवणाऱ्या थंडीत सूर्योदय, आणि मग थेट खाली. एकामागोमाग निघालेल्या सायकलींच्या रांगा, अरुंद रस्ता, मध्येच उतरणारं धुकं, नजर दरीकडे लागलेले नवखे स्वार. अपघात होत राहिले, काही जीवघेणेही. 2007 मध्ये आणखी एका मृत्यूनंतर उद्यानाने आपल्या हद्दीतल्या व्यावसायिक सायकल सफरी थांबवल्या, आणि त्या परत सुरू झाल्या नाहीत. कंपन्यांनी सायकली उतरवायची जागा प्रवेशद्वाराच्या खाली, सुमारे 2,000 मीटरवर हलवली. स्वतःची सायकल घेऊन येणाऱ्याला मात्र उद्यानात अजूनही चालवता येते. माझ्या मते निर्णय योग्य होता, उशिराच झाला.

गमावलं ते शिखराजवळचं उघडं, काळं-तांबडं लाव्हाचं जग. उरलं तेही थोडकं नाही. आधी निलगिरीची दाट झाडी, मग कुरणं. ही कुरणं मला या वाटेचा सगळ्यात बोलका भाग वाटतात. हवाईत गुरं आली 1793 मध्ये, राजा कामेहामेहाला मिळालेली भेट म्हणून. ती मोकाट वाढून त्रासदायक झाली, तेव्हा 1830 च्या दशकात मेक्सिकन गुराखी बोलावून स्थानिकांना घोड्यावरून गुरं हाकायला शिकवण्यात आलं. ‘एस्पान्योल’चा हवाईयन उच्चार होऊन हे गुराखी ‘पानिओलो’ झाले. वाटेतलं मकावाओ हे त्यांचं गाव. त्याच्या खाली पाइआ, उसाच्या मळ्यांवर वाढलेलं. तिथला साखर कारखाना 2000 साली बंद पडला, आणि 2016 च्या शेवटच्या हंगामानंतर माउईवरची ऊसशेतीच संपली. मकावाओहून पाइआला उतरणाऱ्या रस्त्याला बाल्डविन हे नाव आहे, बेटावरच्या एका मोठ्या साखर घराण्याचं.

म्हणजे हा उतार लोकांच्या दारावरून जातो. गाईडशिवाय, नुसती सायकल हातात देऊन सोडणाऱ्या सफरी वाढल्या तशा रहिवाशांच्या तक्रारीही वाढल्या. शाळेला किंवा कामाला निघालेल्या गाडीपुढे संथ सायकलींचा घोळका आला की चीड येणारच. चांगला गाईड आरशात बघत राहतो, मागे गाड्या साचल्या की सगळ्यांना कडेला थांबवतो आणि वाट मोकळी करून देतो. असा गाईड सोबत घेणं परवडत असेल तर घ्यावा.

सूर्योदयाचं गणितही बदललं आहे. फेब्रुवारी 2017 पासून पहाटे 3 ते 7 या वेळेत स्वतःच्या गाडीने उद्यानात जायला आधी आरक्षण लागतं. त्यामुळे सूर्योदय आणि सायकल एकाच सकाळी हवी असेल, तर सफरीत व्हॅनने शिखराची फेरी आहे की नाही, हे पैसे भरण्याआधीच विचारून घ्यावं. नुसती ‘हालेआकाला’ ही पाटी पाहून शिखर गृहीत धरू नये.