पार्श्वभूमी : वर्गात भरणारी सुरक्षा परिषद

राज्यशास्त्राचे विद्यार्थी मंत्री किंवा राजदूत होऊन ठराव मांडतात, वाटाघाटी करतात, मतदान घेतात. या पद्धतीला आज सर्रास ‘सिम्युलेशन’ म्हणतात. कल्पना उसनी आहे. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’मध्ये, म्हणजे बॅरिस्टर घडवणाऱ्या संस्थांत, अभिरूप खटले शतकांपूर्वीपासून चालत, तर प्रशियाच्या सैन्याने १८२४ मध्ये नकाशावरचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात आणला. राजकीय संस्थांची पाळी उशिरा आली.

१९२० च्या दशकात अमेरिकी विद्यापीठांत ‘मॉडेल लीग’, म्हणजे अभिरूप राष्ट्रसंघ, भरू लागला. गंमत अशी की, खुद्द अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य कधीच झाली नाही; सरकार ज्या सभेच्या बाहेर राहिले, तिचे कामकाज मुले वर्गात चालवत होती. तिथे बहुतेक निर्णयांना एकमत लागे, त्यामुळे चिमुकल्या देशाच्या प्रतिनिधीलाही ठराव अडवता येई. १९४५ नंतर राष्ट्रसंघाच्या जागी संयुक्त राष्ट्रे आली आणि खेळही पालटला. सुरक्षा परिषदेत आता १५ पैकी १४ मते मिळूनही एका स्थायी सदस्याच्या नकाराधिकाराने ठराव पडतो.

१९५० च्या दशकात दोन वाटा फुटल्या. ‘रँड’ या अमेरिकी धोरण-संशोधन संस्थेत तज्ज्ञ मोकळेपणाने चाली खेळत आणि पंच त्यांचा निकाल देत. अमेरिकेतल्याच नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात प्राध्यापक हॅरॉल्ड गेट्झकॉ यांनी काल्पनिक राष्ट्रे उभी करून आकडेमोडीची चौकट बांधली. जनतेचे समाधान घसरले तर नेत्याची खुर्चीही जाई. हे मुळात संशोधनाचे साधन होते, पण अध्यापकांनी ते लवकरच उचलले.

या दोन वाटांपैकी संस्था शिकवायला चौकटीची वाट जास्त उपयोगी, असे मला वाटते. मोकळ्या खेळात बोलघेवड्यांची चलती होते. नियम पक्के असले की त्यांनाही मते मोजावी लागतात. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेचा खेळ घ्या. २०१४ पासून तिथल्या नेहमीच्या निर्णयांना ५५ टक्के देश आणि ६५ टक्के लोकसंख्या, असे दुहेरी बहुमत लागते. जर्मनी, फ्रान्स आणि इटलीच्या भूमिकेतले विद्यार्थी हिशेब मांडतात: आपली लोकसंख्या ३५ टक्क्यांच्या बरीच वर, म्हणजे प्रस्ताव अडलाच. पण लोकसंख्येच्या जोरावर प्रस्ताव रोखायला किमान चार देश लागतात. मग मध्यंतरात तिघेही चौथ्याच्या शोधात निघतात आणि एरवी कोपऱ्यात बसलेल्या छोट्या देशाचा भाव अचानक वधारतो.