कॉलरने उंची बदलते, कडकपणा बदलत नाही

नाशिकचं सातपूर असो की पंचवटी, मोटरसायकल गॅरेजात नेऊन "मागचा शॉकअप बसतोय" असं म्हटलं की मेकॅनिक हुक पाना लावून शॉकअपच्या स्प्रिंगचं टोक धरून ठेवणारी कडी, म्हणजे कॉलर, दोन खाचा फिरवतो आणि सांगतो, "केला कडक." रेडिओ कंट्रोलवर (आरसी) पळणाऱ्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांमध्येही ही समजूत जशीच्या तशी उतरली आहे. गाडी वळणात कलते? कॉलर आवळा. उडीवरून पडताना तळ आपटतो? कॉलर आवळा. आवळल्यावर गाडी वर येते, हाताला वेगळी लागते, आणि समजूत पक्की होते. प्रत्यक्षात स्प्रिंगचा कडकपणा तसूभरही बदललेला नसतो. मग नक्की काय बदलतं, हे समजलं की आरसी गाडीचं निम्मं सेटिंग समजलं, म्हणून त्याच्यावरच जरा जास्त वेळ घालवू.

उदाहरणाला १/१० मापाची चारही चाकांना ताकद जाणारी बगी घेऊ. बॅटरी आणि बॉडीसकट वजन साधारण १.६ किलो. चाक, टायर, हब वगळून मागच्या एका कोपऱ्याच्या स्प्रिंगने पेलायचा भार ४०० ग्रॅम धरू, म्हणजे ढोबळमानाने ४ न्यूटन. शॉक मात्र आर्मच्या, म्हणजे चाकाला चॅसीशी (गाडीच्या सांगाड्याशी) जोडणाऱ्या वरखाली हलणाऱ्या दांड्याच्या, अगदी टोकाला बसवलेला नसतो. आर्मच्या आतल्या पिनपासून चाकापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांशावर तो आहे असं समजा. तरफेच्या शालेय नियमाने शॉकवर ४ ऐवजी ६ न्यूटन येतात. स्प्रिंग ०.४ न्यूटन प्रति मिलिमीटर असेल, तर ६ न्यूटन पेलायला ती १५ मि.मी. दबते.

आता कॉलर २ मि.मी. खाली आणा. गाडीचं वजन बदललं का? नाही. म्हणजे स्प्रिंगवर अजूनही ६ न्यूटनच आहेत आणि ती अजूनही १५ मि.मी.च दबलेली आहे. फरक एवढाच, की स्प्रिंगचं वरचं टोक २ मि.मी. खाली सरकलं, त्यासोबत खालचं टोकही सरकलं, शॉक तेवढा लांब झाला आणि तरफेमुळे चाक चॅसीच्या तुलनेत ३ मि.मी. खाली गेलं. चाक जमिनीत तर घुसणार नाही, म्हणून चॅसी ३ मि.मी. वर उचलली गेली. इथून पुढे आणखी १ मि.मी. दाबायला आधीही ०.४ न्यूटन लागत होते, आताही तेवढेच लागतात.

मग हाताला कडक का लागते? शॉकला पूर्ण उघडल्यावर एक शेवट असतो, त्यापुढे तो लांब होत नाही. गाडी हवेत उचलल्यावर, शॉक पूर्ण उघडा असतानाही स्प्रिंग ५ मि.मी. दबलेली आहे असं धरा. गाडी जमिनीवर ठेवली की ती आणखी १० मि.मी. दबते, म्हणजे चाकापाशी १५ मि.मी. हे १५ मि.मी. म्हणजे चाकाला खाली जायला शिल्लक असलेली जागा, शर्यतवाल्यांच्या भाषेत ड्रूप. कॉलर २ मि.मी. आवळली की ड्रूप १२ मि.मी. उरतो. आवळतच गेलात आणि उघड्या शॉकमध्येच स्प्रिंग १५ मि.मी. दबली, की ड्रूप शून्य. गाडी ठेवल्यावर बसतच नाही. त्याहून पुढे गेलात तर वरून थोडा जोर देऊनही ती हलत नाही, आणि हाच तो "कडकपणा". खड्डा आला की चाक त्यात उतरू शकत नाही, हवेत तरंगतं आणि पकड जाते. नाशिकची काळी माती पाणी मारून, रोलर फिरवून दाबली तरी वाळताना भेगाळते आणि वर कडक, खडबडीत कवच धरते. तिथे ड्रूप गमावलेली बगी सरळ रस्त्यावरही टणाटण उडते. दोष टायरला दिला जातो आणि टायर बदलण्यात पैसे जातात.

कडकपणा खरोखर बदलायचा असेल तर दोन वाटा. पहिली, स्प्रिंगच बदलणं. गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो. तार १.२ मि.मी.वरून १.३ केली, की बाकी सगळं तेच ठेवूनही स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, म्हणून कंपन्या रंग देतात; पण एका कंपनीचा लाल आणि दुसरीचा लाल यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. सरळ मोजावं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्यावर स्प्रिंग उभी करा, ती वाकू नये म्हणून आत दाबलेल्या स्प्रिंगपेक्षा आखूड असा पेन्सिलीचा तुकडा घाला, काटा शून्य करा आणि वरून सपाट पट्टीने ती बरोबर १० मि.मी. दाबा. काटा ४०० ग्रॅम दाखवत असेल तर ती ०.४ न्यूटन प्रति मि.मी.ची स्प्रिंग. जोडीतल्या दोन स्प्रिंगांत वीसेक ग्रॅमचा फरक निघाला तर त्या एकाच धुरीवर लावू नका.

दुसरी वाट, शॉकची आर्मवरची खालची जागा बदलणं. इथे वर्गाचा नियम लागतो. शॉक आत सरकवला की तरफ दोनदा काम करते: चाकाच्या तेवढ्याच हालचालीला स्प्रिंग कमी दबते, शिवाय तिचा जो जोर तयार होतो तोही चाकापर्यंत कमी पोहोचतो. म्हणून चाकापाशी जाणवणारा कडकपणा म्हणजे स्प्रिंगचा कडकपणा गुणिले तरफेच्या गुणोत्तराचा वर्ग. आपल्या बगीत ०.४ गुणिले ४/९, म्हणजे ०.१८ न्यूटन प्रति मि.मी. गुणोत्तर ०.७० वरून ०.६५ वर आणलं, की मागचा भाग आर्मवरच्या एका भोकाच्या फरकाने जवळपास १४ टक्के मऊ होतो. त्यासोबत उंचीही बदलते. ती परत आणायची, आणि त्यासाठीच कॉलर आहे.

यातून एक सुंदर गोष्ट निघते. स्प्रिंगवरच्या वस्तूच्या हेलकाव्यांचा वेग फक्त एका आकड्यावरून काढता येतो: वजनाने स्प्रिंग चाकापाशी किती दबली. गुरुत्वीय त्वरणाला त्या दबण्याने भागायचं, वर्गमूळ काढायचं, २π ने भागायचं. आपल्या बगीचं दबणं २२.५ मि.मी., उत्तर येतं सेकंदाला ३.३ हेलकावे. आता हीच गाडी दहापट मोठी कल्पा. दबणंही दहापट, २२५ मि.मी., आणि हेलकावे सेकंदाला साधारण एक. रस्त्यावरच्या प्रवासी गाड्यांची बॉडी सेकंदाला एक ते दीड वेळा खालीवर होते, म्हणजे हिशोब जुळला. १/१० मापाच्या गाडीत सगळं √१०, म्हणजे ३.१६ पट वेगाने घडतं. उडीनंतर बगी सावरते की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळत नाही ते यामुळेच. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करून साधारण तिप्पट मंद चालवा, मग ती खऱ्या रॅली गाडीसारखी दिसू लागते आणि चूक कुठे आहे तेही दिसतं. उतरल्यावर एकदा दबून, किंचित वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीन वेळा डोलली तर तेल पातळ आहे.

तेलाकडे वळू. शॉकमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि बाटलीवरचा सेंटिस्टोक्सचा, म्हणजे घट्टतेचा, आकडा साधारणपणे २५ अंश सेल्सिअसचा. नाशिकला जानेवारीच्या सकाळी पारा १० अंशांपर्यंत येतो, मेच्या दुपारी ४० गाठतो. एवढ्या फरकात सिलिकॉन तेलाची घट्टता जवळपास निम्मी होते. २५ अंशांना ३५० चं तेल बरोबर बसत असेल, तर मेमध्ये ४५० च्या आसपासचं आणि थंडीतल्या सकाळी २५० ते ३०० चं लागेल. मोटरसायकलच्या फोर्कचं खनिज तेल मात्र घालू नका. त्याची घट्टता तापमानाने याहून खूप जास्त बदलते, आणि सिलिकॉन रबराचे ओ-रिंग, डायफ्राम त्यात फुगतात.

शॉकच्या आत तेलातून सरकणाऱ्या पिस्टनच्या भोकांचं काम तेलाहून वेगळं. शॉक हळू दाबला की तेल चिकटपणामुळे अडतं आणि विरोध वेगाच्या प्रमाणात वाढतो. उडीवरून आदळताना मात्र तेलाला त्या बारीक भोकांतून क्षणात पार व्हायचं असतं, त्याला तो वेग देण्यातच मोठा जोर खर्ची पडतो, आणि हा भाग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यात चिकटपणाचा फारसा संबंध नाही, भोकांचं एकूण क्षेत्रफळ ठरवतं. म्हणून लहान भोकं आणि पातळ तेल, किंवा मोठी भोकं आणि घट्ट तेल, या दोन जोड्या हाताने दाबल्यावर सारख्याच लागतात. उडीत मात्र पहिली गाडीचा तळ वाचवते आणि दुसरी खडबडीत मातीवर चाक चिकटवून ठेवते.

बाजारात सोनेरी ॲल्युमिनियमचे शॉक "पकड वाढवणारे" म्हणून विकले जातात. रंगाचा यातल्या एकाही आकड्याशी संबंध नाही. परदेशातल्या विजेत्याची सेटअप शीट, म्हणजे त्याच्या गाडीच्या सेटिंगचा कागद, मंत्रासारखी जपणारेही आहेत. पण ती शीट त्या मातीची, त्या तापमानाची आणि त्या टायरची असते. दसऱ्याला हत्यारांची पूजा करून झाल्यावर त्याच हत्यारांतलं व्हर्नियर उचलून मोजलेलं बरं.

उंची लावण्याची पद्धत अशी. गाडी शर्यतीला उतरेल तशीच हवी: बॅटरी आत, बॉडी वर, शर्यतीचेच टायर. सपाट ग्रॅनाइटच्या तुकड्यावर १५ सें.मी.वरून सोडा, हाताने एक-दोन फूट पुढे ढकला, मगच मोजा. न ढकलता मोजलं तर टायर आडवे अडकून बसतात आणि दोन-तीन मि.मी. खोटे मिळतात. मातीवरच्या १/१० बगीला २० ते २४ मि.मी. ही सुरुवात, डांबरावरच्या टूरिंग कारला ५ मि.मी.च्या आसपास. पावसाळ्यात चिखल आर्मला धरतो, तो खरवडल्याशिवाय कुठलंही माप घेऊ नका. उंचीनंतर ड्रूप आणि सगळ्यात शेवटी कॅम्बर, कारण उंची हलली की चाकाचा तिरकेपणाही हलतो.

शेवटी पीळ तपासा. एकच कॉलर आवळली तर तो कोपरा आणि त्याच्या तिरप्या समोरचा कोपरा, दोघांवरचा भार वाढतो. गाडी डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरंच वळते. चॅसीच्या पुढच्या टोकाला बरोबर मध्यावर चाकूचं टोक लावून हळूहळू उचला. दोन्ही चाकं एकदम सुटली पाहिजेत. उजवं आधी सुटलं तर त्याच्यावर भार कमी आहे. मागची उजवी कॉलर सैल करा आणि मागची डावी तेवढीच आवळा, म्हणजे मागची उंची तशीच राहील. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी फिरवू नका, आणि प्रत्येक वेळी गाडी पुन्हा सोडून, ढकलून मगच उचला.