लोर (ऑनलाइन रोलप्लेइंग खेळ)

लोर म्हणजे ऑनलाइन रोलप्लेइंग खेळातल्या, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायच्या खेळातल्या, काल्पनिक जगाची पूर्वपीठिका. त्यात राजघराणी येतात, जुनी वैरे येतात, देवदेवता, फसलेल्या लढाया आणि ओस पडलेली गावे येतात. खेळायला यातले काहीच लागत नाही. नकाशावरच्या खुणेपाशी जायचे, सांगितलेले काम उरकायचे, बॉस म्हणजे मोठा शत्रू मारायचा, लूट वाटून घ्यायची; मारलेला कोण होता याचा पत्ता नसतानाही वर्षानुवर्षे खेळता येते. लोरचा बराचसा भाग मुख्य कथेत सांगितलेलाच नसतो. तो पडक्या घरातल्या पुस्तकात असतो, थडग्यावरच्या नावात असतो, एखाद्या पात्राच्या तोंडून सहज निघालेल्या वाक्यात असतो. वाट वाकडी करून जाणाऱ्यालाच तो सापडतो.

नोव्हेंबर 2004 मध्ये सुरू झालेल्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळात ईस्टर्न प्लेगलँड्स नावाचा रोगाने नासलेला प्रदेश आहे. तिथल्या डॅरोशायर या उद्ध्वस्त गावात पामेला रेडपाथ नावाच्या लहान मुलीचे भूत एका घरात एकटेच बसलेले असते. आपण मेलो आहोत हे तिला उमगलेले नाही. ती आपली बाहुली मागते, आणि त्या बाहुलीचे तुकडे गावभर विखुरलेले असतात. ते गोळा करून दिले की ती वडिलांबद्दल विचारू लागते. त्यापुढची कामे करत गेले की हे गाव कसे पडले, त्या दिवशी तिच्या वडिलांचे काय झाले हे तुकड्यातुकड्याने कळत जाते. एकही वाक्य न वाचता ही कामे उरकता येतात. वाचणाऱ्याला मात्र त्या गावावरून पुन्हा नुसते घोडा दामटत जाणे जड जाते.

याच खेळातले सर्वांत गाजलेले उदाहरण अ‍ॅशब्रिंगर या तलवारीचे. मृतांच्या सैन्याची राख करणारी ही तलवार अलेक्झांड्रोस मोग्रेन या सरदाराची. ती कुठे आहे याच्या अफवा खेळाडूंमध्ये सुरुवातीपासून होत्या. 2006 मध्ये नॅक्सरामस ही चाळीस जणांनी मिळून लढायची मोहीम आली आणि तिथे भ्रष्ट झालेली अ‍ॅशब्रिंगर मिळू लागली. ती हातात धरली की तलवार कुजबुजते: आपण एकेकाळी शुद्ध होतो, आपला घात झाला. पुढचे कुठल्याही कामाच्या यादीत नव्हते. ती घेऊन कोणी स्कार्लेट मोनॅस्ट्री या मठाच्या प्रार्थनागृहात शिरला, तर एरवी दिसताक्षणी तुटून पडणारे सैनिक गुडघे टेकतात. त्यांचा सेनापती रेनॉल्ट मोग्रेन म्हणजे अलेक्झांड्रोसचाच मुलगा. त्याच्याजवळ गेले की मागे बापाचे भूत उभे राहते आणि तुझा विश्वासघात विसरला जाईल असे वाटले का, म्हणून विचारते. मुलगा क्षमा मागतो. बाप क्षमा केल्याचे सांगतो आणि त्याला ठार करतो. नॅक्सरामसपर्यंत पोचणारे गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, मोजके होते, आणि कमी पातळीच्या खेळाडूंसाठीच्या त्या जुन्या मठात ही तलवार घेऊन परत जायचे कोणाला सुचेल? रचणाऱ्यांनी ते तरीही रचून ठेवले, हेच या प्रसंगाचे मोठेपण.

ऑनलाइन खेळातली लोर नाशवंत असते. सर्व्हरवरचे जग बदलले की आधीचे जग कपाटातून काढून पुन्हा लावता येत नाही. 2008 मध्ये नॅक्सरामस दुसरीकडे हलवून नव्याने मांडले गेले आणि ती तलवार मिळणे बंद झाले. 2010 च्या ‘कॅटॅक्लिझम’ विस्ताराने जुने प्रदेश नव्याने घडवले, त्यात अनेक जुन्या क्वेस्ट, म्हणजे खेळाडूला सोपवलेली कामे, गेल्या. ऑगस्ट 2019 मध्ये मूळ स्वरूपातले ‘क्लासिक’ सर्व्हर उघडले आणि पुढे तिथे नॅक्सरामस आल्यावर बाप-लेकाची ती भेट पुन्हा घडू लागली. मधल्या काळात तिचा आधार होता तो खेळाडूंनी टिपलेल्या चित्रफिती आणि विकींचा. हे टिपणवहीचे काम पुष्कळ जणांनी निरपेक्षपणे केले आहे. अलीकडे नव्या पॅचच्या, म्हणजे खेळात होणाऱ्या बदलांच्या, फाइली उलगडून त्यातला मजकूर आधीच बाहेर काढतात, याला डेटामायनिंग म्हणतात. माहिती त्याने लवकर मिळते, पण तलवार घेऊन मठाच्या दारात उभे राहण्याचा तो क्षण मिळत नाही.

एप्रिल 2014 मध्ये आलेल्या ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ मध्ये लोर मुख्यतः पुस्तकांत आहे आणि खेळ वाचनाचे मोलही देतो: ठरावीक पुस्तके शोधली की जादूगारांच्या मेजेस गिल्डमधला हुद्दा वाढतो. ही पुस्तके वाचायची ती बखरीसारखी. प्रत्येकाचा लेखक त्या जगातलाच, कुठल्या तरी पक्षाचा, कोणाचे तरी मीठ खाल्लेला. एकाच लढाईची दोन पुस्तके दोन गोष्टी सांगतात, आणि खरे काय ते खेळ सांगत नाही.

‘एल्डर स्क्रोल्स’ या खेळांच्या मालिकेतल्या व्हिव्हेक या जिवंत देवाने लिहिलेले ‘छत्तीस धडे’ पहिल्यांदा आले ते 2002 च्या ‘मोरोविंड’ या एकट्याने खेळायच्या खेळात. वरवर पाहता ती कोड्यात बोलणारी देवस्तुती आहे. एकोणतिसाव्या धड्यात आकड्यांची यादी येते. ते आकडे किल्लीसारखे वापरून धड्यांतले शब्द वेचले की कबुलीजबाब तयार होतो: तो जन्माने देव नव्हता, त्याने देवत्व चोरले आणि आपल्याच सेनानायकाचा खून केला, हे व्हिव्हेकने लिहिले. शेवटच्या धड्यातल्या परिच्छेदांची आद्याक्षरे जोडली तरी खुनाचाच उल्लेख निघतो. 2017 मध्ये ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ ‘मोरोविंड’ ज्या बेटावर घडतो त्याच बेटावर, सुमारे सातशे वर्षे आधीच्या काळात गेला. तिथे व्हिव्हेक स्वतः भेटतो, भोवती त्याच्या नावाचे शहर उभे राहत असते, भक्तांची रीघ लागलेली असते, आणि तो खेळाडूकडे मदत मागतो. आकडे जुळवून आलेला खेळाडू त्याच्या समोर उभा राहून त्याचे प्रत्येक वाक्य दोनदा वाचतो.