त्र्यंबकेश्वरची लांबी किती?

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, की विसर्गाचे आकडे नाशिकभर मोबाइलवर फिरू लागतात. असं एखादं पत्रक पीडीएफमधून कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाका. वाक्यं भलतीकडेच तुटतात: एक ओळ लांबलचक, तर पुढची दोनच शब्दांची.

हे सरळ करायला लिनक्स या संगणक प्रणालीवर 'एफएमटी' (fmt) ही छोटीशी कमांड असते. १९७९च्या बर्कली युनिक्स या जुन्या प्रणालीत ती आली, ईमेल पाठवण्याआधी नीट मांडून घेण्यासाठी. टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ही तीन अक्षरं आणि पुढे फाइलचं नाव, एवढंच लिहायचं. रिकामी ओळ ती परिच्छेदाची हद्द मानते. मूळ फाइलला धक्का लागत नाही, नवी मांडणी पडद्यावर उमटते.

ओळीत मावतील तेवढे शब्द कोंबून पुढे सरकणं सोपं असतं, पण मग मध्येच एखादी ओळ फार आखूड राहते. मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ग्नू प्रकल्पाची एफएमटी आधी परिच्छेद अखंड पाहते. ओळ ठरलेल्या लांबीपासून ढळली की दंड. तफावत दुप्पट झाली, तर दंड साधारण चौपट! एकूण दंड जिथे सर्वांत कमी, तिथे ती ओळी तोडते. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडलेल्या पद्धतीशी याचं जवळचं नातं आहे. एवढ्याशा कमांडमध्ये इतका विचार भरलेला आहे, याचं मला फार कौतुक वाटतं.

मराठी मजकूर दिला, की मात्र ओळी अगदी तोकड्या येतात. कमांडची मूळ रुंदी ७५ आहे, पण ती अक्षरं मोजत नाही, बाइट, म्हणजे संगणकातल्या साठवणीची छोटी एककं, मोजते. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'त्र्यंबकेश्वर' आपण पाच अक्षरांत वाचतो. संगणकाकडे मात्र हलन्त, मात्रा, अनुस्वार धरून १३ चिन्हं, म्हणजे ३९ बाइट जमा होतात. अर्धी ओळ त्यातच संपली! मराठीची ओळ अक्षरांनीच मोजली गेली पाहिजे, आणि ही सुधारणा व्हायलाच हवी.

तोवर कमांडपुढे 'डॅश डब्ल्यू २००' (-w 200) असं लिहून रुंदी वाढवून द्यावी. 'फोल्ड' ही ओळी तोडणारी दुसरी कमांड वापरताना जास्त जपावं लागतं. तिच्या जुन्या आवृत्त्या ऐन चिन्हाच्या मधूनच ओळ कापतात आणि तिथे चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसतात. तिला 'डॅश एस' (-s) जोडलं, की ती शक्यतो दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेवर तोडते.