नवविवाहितांसाठी स्वयंपाकाचं पुस्तक : एका भेटीची पार्श्वभूमी

१३९३ च्या सुमारास पॅरिसमधल्या एका उतारवयातल्या सधन गृहस्थाने आपल्या १५ वर्षांच्या नव्या पत्नीसाठी घर चालवण्याचं पुस्तक लिहिलं. ‘ल मेनाजिए द पारी’ या नावाने ते आज ओळखलं जातं. त्यात धर्माचरण आहे, बागकाम आहे, नोकरांकडून काम कसं करून घ्यावं ते आहे आणि पाककृतींचा भलामोठा विभाग आहे. पण आजच्या नवशिक्याने त्यातली एखादी कृती करायला घेतली, तर तो लगेच अडेल. किती घ्यायचं आणि किती वेळ शिजवायचं, हे बहुतेक ठिकाणी सांगितलेलंच नाही. चुलीशी उभं राहणारं माणूस दुसरं होतं आणि त्याला ते ठाऊक होतं. मालकिणीला कळायला हवं होतं ते फक्त काय करवून घ्यायचं एवढंच.

नव्या जोडप्याला पुस्तक देताना हा इतिहास माहीत असला की निवड सोपी होते. पुस्तक कुणासाठी लिहिलंय हे ओळखायला एकच प्रश्न पुरतो : वाचणाऱ्याच्या शेजारी कोण उभं आहे असं लेखकाने गृहीत धरलंय? शेजारी जाणतं माणूस असेल तर दोन ओळी पुष्कळ झाल्या. कुणीच नसेल, तर त्या माणसाचं सगळं बोलणं पुस्तकात यायला हवं.

छपाई आल्यानंतरही लग्नात हातोहात जायच्या त्या हाताने लिहिलेल्या वह्या. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या पत्नी मार्था यांच्याकडे त्यांच्या पहिल्या सासरची, कस्टिस घराण्याची अशी एक वही होती. १७९९ मध्ये नात नेली कस्टिस हिचं लग्न झालं तेव्हा त्यांनी ती तिला दिली. घरातली वही आजही सुंदर भेट आहे, पण तिच्यात घरातल्यांना माहीत असलेलं सगळं गाळलेलं असतं. ‘नेहमीसारखा मसाला घालणे’ ही ओळ आईला पुरते, सुनेला किंवा जावयाला नाही. वही द्यायचीच असेल तर आधी लिहिणाऱ्याला तो पदार्थ करायला लावावा, शेजारी वजनकाटा ठेवून प्रत्येक चिमूट आणि मूठ मोजावी आणि समासात ग्रॅममध्ये लिहावी. दहा-बारा कृतींचं एवढं काम झालं, तरी वही वापरात येते.

छापील पुस्तकांचा रोखही बराच काळ नोकरवर्गाकडेच होता. इंग्लंडच्या हॅना ग्लास यांनी १७४७ मध्ये आपलं पाकपुस्तक साध्या भाषेत लिहिलं ते घरच्या मालकिणीचा शिकवण्याचा त्रास वाचावा म्हणून. खरा बदल १८४५ मध्ये आला. एलायझा ॲक्टन यांनी आपल्या पुस्तकात प्रत्येक कृतीच्या शेवटी सगळं साहित्य, त्याचं प्रमाण आणि लागणारा वेळ एकत्र द्यायला सुरुवात केली. आज ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याआधी लोक कसे शिजवत असतील, असा प्रश्न पडावा. इझाबेला बीटन यांच्या १८६१ च्या ग्रंथात हे साहित्य कृतीच्या वर गेलं आणि जोडीला खर्च, किती जणांना पुरेल आणि कोणत्या ऋतूत करावं हेही आलं. बीटन यांचं लग्न १८५६ मध्ये झालं, लिखाण त्यानंतर लगेचच सुरू झालं आणि पुस्तक पुरं झालं तेव्हा त्या अवघ्या पंचवीस वर्षांच्या होत्या. म्हणजे नवविवाहितांना पिढ्यान्‌पिढ्या दिलं गेलेलं हे पुस्तक स्वतः एका नवविवाहितेनेच रचलेलं होतं.

अशा जुन्या पुस्तकांच्या देखण्या आवृत्त्या आजही भेट म्हणून घेतल्या जातात. त्या कपाटासाठी द्याव्यात, ओट्यासाठी नाही. त्यातले वेळ आजच्या भाज्यांना लागू पडत नाहीत. बीटन मोठी गाजरं पावणेदोन ते सव्वादोन तास उकळायला सांगतात. आणि बाटलीबंद टिकाऊ पदार्थांच्या जुन्या कृती तर करूच नयेत. कमी आंबट पदार्थ हवाबंद ठेवायचे असतील तर वाफेच्या दाबाखाली ११६ ते १२१ अंश सेल्सिअसपर्यंत तापमान जावं लागतं, नुसत्या उकळत्या पाण्याने घातक जंतूंचे बीजाणू मरत नाहीत.

साहित्याची यादी आली, पण मापं अजून सैलच होती. ‘अंड्याएवढं लोणी’ म्हणजे साधारण ५५ ते ६० ग्रॅम, हे अनुभवाने कळायचं. ‘एक कप’ म्हणजे घरात जो असेल तो कप, आणि चमचा शिगोशीग की सपाट हेही ज्याचं त्याने ठरवायचं. १८९६ मध्ये फॅनी फार्मर यांनी बॉस्टनच्या पाककला शाळेचं पुस्तक काढलं आणि सपाट मापाचा आग्रह धरला : कप भरायचा, वरून सुरीने सारखा करायचा, चमच्याचंही तसंच. प्रकाशकाचा विश्वास नव्हता, पहिल्या ३,००० प्रतींचा खर्च त्यांनाच करावा लागला. पुढे ते पुस्तक लाखोंनी खपलं.

मापांचा हा प्रश्न पूर्णपणे सुटला मात्र नाही आणि नवशिक्यांचे सर्वांत जास्त पदार्थ इथेच बिघडतात. अमेरिकी कप सुमारे २४० मिलीलिटरचा, मेट्रिक कप २५० चा, जपानी २०० चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिलीलिटर, ऑस्ट्रेलियात २०. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीलिटर, अमेरिकी ४७३. त्यात मैद्यासारखं पीठ चमच्याने अलगद कपात भरलं तर १२० ग्रॅमच्या आसपास बसतं. तोच कप पिठात खुपसून भरला तर १५० ग्रॅमपर्यंत जातो. चार कपांच्या कृतीत हा फरक सव्वाशे ग्रॅमच्या घरात पोचतो. मग पाव दगडासारखा होतो आणि दोघं एकमेकांच्या हाताला दोष देतात. मिठाचंही तसंच. बारीक मिठाचा लहान चमचा सुमारे ६ ग्रॅमचा, पोकळ खड्यांच्या जाड मिठाचा त्याच्या निम्मा भरू शकतो. म्हणून पुस्तक निवडताना आधी मापांचं पान शोधावं. कप किती मिलीलिटरचा, मीठ कोणतं, अंडं कोणत्या आकाराचं, हे तिथे लिहिलेलं असावं आणि भाजायच्या पदार्थांत तरी वजन ग्रॅममध्ये असावं. हे पानच नसेल तर पुस्तक खाली ठेवलेलं बरं. आणि पुस्तकासोबत एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा दिलात, तर भेटीचा उपयोग दुप्पट होतो.

मापांनंतर आंच. जुन्या पुस्तकांत ओव्हन ‘मंद’, ‘मध्यम’ किंवा ‘कडक’ असायचा आणि आत हात धरून किंवा कागद किती वेळात तपकिरी होतो ते बघून तो ओळखायचा. ब्रिटनमध्ये १९२३ पासून तापमान आपोआप राखणारे गॅसचे ओव्हन आले, तेव्हा कृतीत आकडा लिहिण्याला अर्थ आला. आज आकडा असतो, पण पंख्याच्या ओव्हनचा की साध्या, हे अनेक पुस्तकं सांगत नाहीत. पंख्याच्या ओव्हनमध्ये साधारण २० अंश कमी ठेवावे लागतात.

१९०९ मध्ये जॅनेट मॅकेन्झी हिल यांचं फक्त दोघांच्या स्वयंपाकावरचं पुस्तक अमेरिकेत निघालं. नवा संसार थाटणाऱ्यांची नेमकी अडचण तिने ओळखली होती, कारण सहा जणांची कृती दोघांसाठी करणं म्हणजे नुसती भागाकाराची बाब नाही. रस्सा निम्मा केला आणि पातेलं तेच ठेवलं तर पृष्ठभाग तेवढाच राहतो, पाणी तेवढ्याच वेगाने उडतं आणि तळ करपतो. केकचं मिश्रण निम्मं केलं तर २३ सेंटिमीटरच्या गोल भांड्याऐवजी सुमारे १६ सेंटिमीटरचं घ्यावं लागतं. भाजण्याचा वेळ निम्मा होत नाही, थोडासाच कमी होतो. दोन किंवा चार जणांच्या प्रमाणातलं पुस्तक मिळालं, तर हा सगळा घोळ टळतो.

घरात मदतनीस नाही, हे पुस्तकांनी मोकळेपणाने मान्य केलं ते विसाव्या शतकात. इर्मा रॉम्बाउअर यांनी पतीच्या मृत्यूनंतर १९३१ मध्ये अमेरिकेत स्वतःच्या पैशाने आपल्या पाकपुस्तकाच्या ३,००० प्रती छापल्या. १९३६ च्या आवृत्तीत त्यांनी कृतीची मांडणीच बदलली : साहित्य वेगळं न देता, ज्या पायरीला जे लागतं ते तिथेच लिहिलं. ज्युलिया चाइल्ड आणि त्यांच्या दोन सहलेखिकांचा १९६१ चा फ्रेंच पाककलेचा ग्रंथ तर आपण नोकर नसलेल्या अमेरिकी स्वयंपाक्यासाठी लिहिलं आहे, असं सांगूनच सुरू होतो. लग्नात तो खूप दिला गेला. आमच्या मते तो वर्षा-दोन वर्षांनी द्यावा. कारणमीमांसा त्यात उत्तम आहे, पण एकेक कृती पानंच्या पानं चालते आणि ऑफिसातून थकून आलेल्या दोघांना त्या दिवशी ती झेपत नाही.

तमिळमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांचं ‘समैत्तु पार’ १९५१ मध्ये आलं. ‘शिजवून बघ’ असा त्याचा अर्थ. लग्न होऊन दूर गेलेल्या मुलींच्या सामानात ते पिढ्यान्‌पिढ्या जात राहिलं, कारण विचारायला जवळ कुणी नाही हे त्यात धरलेलंच होतं. डेलिया स्मिथ यांनी तर १९९८ मध्ये ब्रिटिश वाचकांना अंडं उकडण्यापासून शिकवायला घेतलं. त्यावर टीकाही झाली. पण नवशिक्यांसाठीचं पुस्तक तपासायला उकडलेल्या अंड्याइतकी चांगली कसोटी नाही.

दुकानात पुस्तक उघडून तीच कृती काढा. ‘अंडी उकडून घ्या’ एवढंच असेल तर ते जाणत्यांसाठी आहे. नवशिक्यासाठी त्यात काय हवं? अंडं फ्रिजमधलं की बाहेरचं. गार पाण्यात घालायचं की उकळत्या. उकळत्या पाण्यात घातल्यापासून ६ ते ७ मिनिटांत बलक मऊ राहतो, १० ते १२ मिनिटांत घट्ट होतो. वेळ झाल्यावर लगेच थंड पाण्यात टाकायचं, नाहीतर आतल्या उष्णतेने शिजणं चालूच राहतं. जास्त शिजलं तर बलकाभोवती हिरवट कडं येतं. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांच्या संयोगाने ते बनतं, खायला अपाय नाही. उंचावरच्या गावी दर ३०० मीटरला पाणी सुमारे एक अंश कमी तापमानाला उकळतं, म्हणून वेळ वाढवावा. एवढं लिहिणाऱ्या लेखकाने पुढच्या कृतींतही तुमचा हात धरलेला असतो.

दुसरी कसोटी कांद्याची. ‘५ मिनिटं परतून गडद तपकिरी’ असं लिहिलं असेल, तर कृती करून पाहिलेली नाही असं समजावं. कांद्यातलं पाणी उडून त्याला गोडसर गडद रंग यायला मंद आचेवर ३० ते ४५ मिनिटं जातात. चांगल्या पुस्तकात मिनिटांबरोबर खूण असते : कडा पारदर्शक दिसू लागल्या, वास बदलला, तेल सुटलं. शेगडी आणि भांडं बदललं की मिनिटं चुकतात, खूण चुकत नाही.

फोटोंविषयी थोडंसंच. अमेरिकेत १९५० च्या सुमारास पायरीपायरीच्या चित्रांची पुस्तकं लोकप्रिय झाली. तयार ताटाच्या फोटोपेक्षा अर्धवट टप्प्याचा फोटो, म्हणजे मळलेल्या पिठाचा किंवा नीट फेटलेल्या मिश्रणाचा, कितीतरी जास्त शिकवतो.

बांधणीही बघा : मधलं पान उघडून टेबलावर ठेवलं तर ते उघडं राहिलं पाहिजे. मागची सूची पदार्थाच्या नावाबरोबर साहित्यावरूनही शोधता यावी, कारण घरात अर्धी कोबी उरली असताना माणूस ‘कोबी’ शोधतो. आणि मजकूर दोघांना उद्देशून आहे ना तेही पाहा. एकीलाच गृहिणी धरून लिहिलेलं पुस्तक दुसऱ्याला ओट्यापासून लांबच ठेवतं. पहिल्या कोऱ्या पानावर शुभेच्छांच्या खाली, तुम्ही वाचून निवडलेल्या तीन सोप्या कृतींचे पानक्रमांक लिहून द्या : एक २० मिनिटांत होणारी, एक सुट्टीच्या दिवसाची आणि एक पाहुणे आले तर करायची.