उच्च उपलब्धता क्लस्टरमधील आरोग्यतपासणी व कालमर्यादा

एकाहून अधिक सर्व्हरांच्या आधारे एखादी सेवा अखंड चालू ठेवणाऱ्या क्लस्टर सॉफ्टवेअरमध्ये, ती सेवा धड चालू आहे की नाही हे ठरावीक अंतराने तपासण्याची आणि प्रत्येक तपासणीला वा कृतीला किती वेळ द्यायचा हे ठरवण्याची व्यवस्था. व्हेरिटास क्लस्टर सर्व्हर, विंडोजमधील फेलओव्हर क्लस्टरिंग आणि लिनक्सवरील पेसमेकर ही या वर्गातील परिचित सॉफ्टवेअर होत. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः पेसमेकर व त्याच्या जोडीने चालणारे कोरोसिंक यांचा विचार केला आहे.

उत्तर न देणारा संगणक बंद पडला आहे की केवळ संथ झाला आहे, हे दुरून खात्रीने सांगता येत नाही. मायकेल फिशर, नॅन्सी लिंच आणि मायकेल पॅटरसन यांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या सिद्धतेच्या मुळाशी हीच अडचण आहे: संदेश पोहोचण्यास कितीही वेळ लागू शकत असेल आणि एक जरी घटक बंद पडण्याची शक्यता असेल, तर उरलेल्या घटकांचे एकमत होईलच अशी हमी कोणतीही निश्चित रीत देऊ शकत नाही. त्यामुळे टाइमआउट, म्हणजे उत्तरासाठी थांबण्याची कालमर्यादा, म्हणून लिहिलेला आकडा हा मोजून काढलेले सत्य नसून व्यवस्थापकाने पत्करलेला अंदाज असतो.

हा अंदाज दोन पातळ्यांवर बांधावा लागतो. पहिली पातळी सर्व्हरांची. कोरोसिंकमध्ये सदस्य सर्व्हरांत एक टोकन, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे जाणारा छोटा संदेश, फिरत असते आणि ते ठरलेल्या वेळेत आले नाही की सदस्यत्वाची फेरमांडणी सुरू होते. ही मुदत पूर्वी मुळात 1000 मिलिसेकंद होती, ती 3.1 आवृत्तीपासून 3000 करण्यात आली. व्यवस्थापकांचे बहुतेक परिश्रम मात्र दुसऱ्या पातळीवर, म्हणजे अनुप्रयोगाच्या तपासणीवर, खर्च होतात. हे काम रिसोर्स एजंट नावाची छोटी स्क्रिप्ट करते. तिने 0 हा संकेतांक परत केला तर सेवा चालू, 7 केला तर व्यवस्थित बंद आणि 1 केला तर बिघाड असा अर्थ घेतला जातो. मुदतीत काहीच उत्तर आले नाही, तर पेसमेकर तोही बिघाडच धरतो. व्हेरिटासचे धोरण येथे अधिक सबुरीचे आहे: तेथे लागोपाठ चार तपासण्यांची मुदत टळेपर्यंत, मूळ मांडणीनुसार, सेवेला सदोष ठरवले जात नाही.

तपासणी किती खोलवर करावी याबद्दल मतभेद आहेत. केवळ प्रक्रिया जिवंत आहे एवढेच पाहिले तर गोठलेला डेटाबेसही निरोगी दिसतो. म्हणून पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसचा एजंट प्रत्यक्ष एक लहानशी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, चालवतो. परंतु गर्दीच्या वेळी सर्व जोडण्या भरलेल्या असतील, तर हीच क्वेरी अडकते आणि ग्राहकांना सेवा देत असलेला डेटाबेस क्लस्टर स्वतःच बंद करून पुन्हा चालू करतो, म्हणजे ऐन भाराच्या वेळी भार वाढवतो.

चालू करणे, बंद करणे, तपासणे अशा कृतींसाठी पेसमेकरची मूळ मुदत 20 सेकंद आहे. लहान वेब सर्व्हरला ती पुरते. मोठ्या डेटाबेसला मुळीच नाही. एसएपी हाना हा डेटाबेस चालू करण्यासाठी व बंद करण्यासाठी सुसे या लिनक्स कंपनीच्या मार्गदर्शिकेत 3600 सेकंदांची मुदत सुचवली आहे. एजंटच्या वर्णनात लिहिलेल्या मुदती या केवळ शिफारशी असतात आणि पेसमेकर स्वतःहून त्या लागू करत नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही.

सर्वांत गंभीर मुदत बंद करण्याच्या कृतीची. तपासणी फसली तर सेवा पुन्हा चालू करता येते. पण जुन्या सर्व्हरवर ती खरोखर बंद झाली याची खात्री नसताना दुसरीकडे चालू केली, तर दोन प्रती एकाच डिस्कवर लिहू लागतात आणि विदा नासतो. म्हणून बंद करण्याची मुदत टळली की पेसमेकर त्या सर्व्हरला फेन्सिंगद्वारे, म्हणजे वीज तोडून किंवा सक्तीने रीबूट करून, बाजूला काढतो आणि फेन्सिंगची सोय नसेल तर ती सेवा आहे तेथेच अडवून ठेवतो. या मुदतीत कंजूषी केल्यास त्या सर्व्हरवरील इतर निरोगी सेवाही विनाकारण आडव्या होतात.

फेलओव्हर, म्हणजे सेवा एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवणे, घाईने होण्याची किंमत काय असते याचे बोलके उदाहरण गिटहब या सॉफ्टवेअर-संकेतस्थळाचे आहे. 21 ऑक्टोबर 2018 रोजी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील त्यांच्या केंद्राचा संपर्क 43 सेकंद तुटला. तेवढ्यात ऑर्केस्ट्रेटर या व्यवस्थेने मायएसक्यूएल डेटाबेसचे प्रमुखपद, म्हणजे नव्या नोंदी स्वीकारण्याचे काम, पश्चिम किनाऱ्याकडे दिले, दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी झाल्या आणि त्यांचा मेळ घालण्यात सेवा 24 तास 11 मिनिटे विस्कळीत राहिली.

बिघाडांची संख्याही पेसमेकर मोजून ठेवतो. मायग्रेशन-थ्रेशोल्ड या बिघाडसंख्येच्या मर्यादेपर्यंत सेवा त्याच सर्व्हरवर पुन्हा चालू केली जाते आणि ती गाठली की इतरत्र हलवली जाते. चालू करण्याची कृतीच फसली, तर मूळ मांडणीत ही वाट न पाहता लगेच. फेल्युअर-टाइमआउट, म्हणजे जुने बिघाड विसरण्याची मुदत, दिलेला नसेल, तर ही मोजणी आपोआप शून्यावर येत नाही आणि व्यवस्थापकाने क्लीनअप आज्ञा देईपर्यंत तो सर्व्हर त्या सेवेसाठी वर्ज्यच राहतो.