जादा तास वेगळा, दुसऱ्या पातळीचा आधार वेगळा

शाळा सुटल्यावर सहा पोरं थांबवून घेतली की "मागे पडलेल्यांसाठी आधारवर्ग चालू" असं लिहून मोकळं होता येतं. वर्गखोली तीच, बाई त्याच, पोरंही तीच. त्यामुळे जादा तास आणि दुसऱ्या पातळीचा आधार, म्हणजे एकाच अडचणीवर छोट्या गटात केलेलं काम, यांत गोंधळ होतोच.

जादा तासात झालेला धडा पुन्हा होतो किंवा राहिलेला उरकला जातो. दहावीला त्याचा फायदा आहेच. पण तिसरीतलं पोर जोडाक्षरावर अडत असेल, तर तोच धडा दुसऱ्यांदा ऐकून ते सुटत नाही.

अमेरिकेतल्या शाळांत एमटीएसएस (मल्टि-टियर्ड सिस्टम ऑफ सपोर्ट्स, म्हणजे पातळ्यापातळ्यांनी आधार) नावाने चालणाऱ्या रचनेत पहिली पातळी सगळ्या वर्गाची, दुसरी छोट्या गटाची, तिसरी एकेकट्या मुलाची. ढोबळ मानाने शंभरातल्या 80 मुलांना पहिली पुरते, 15 जणांना दुसरी लागते आणि 5 जणांना तिसरी. चाळिसाच्या पटात वीस मुलं मागे असतील तर गट पाडू नका. वर्गातलं रोजचं शिकवणंच आधी तपासा. ऊसतोड मजुरांची मुलं गळीत हंगामात येतात, कोण मागे आहे ते बघणारी जूनची चाचणी त्यांनी दिलेलीच नसते. त्यांची चाचणी आल्याच्या आठवड्यात घ्या.

दुसऱ्या पातळीच्या गटात एकच अडचण असलेली चार ते सहा मुलं असतात. आठवड्यातून तीन-चार दिवस, 20 ते 30 मिनिटं, आठ-दहा आठवडे. खेळाच्या तासाला मात्र बसवायचं नाही, पोरांना ती शिक्षा वाटते.

खरा फरक मोजण्यात आहे. दर आठवड्याला नवा उतारा, एक मिनिट वाचन, बरोबर शब्दांची मोजणी. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या कार्यक्रमात तिसरीचं लक्ष्य मिनिटाला किमान 60 शब्दांचं आहे. मूल आज 28 वर असेल आणि दहा आठवड्यांत 48 गाठायचे असतील, तर आठवड्याला दोन शब्दांची वाढ हवी. 28 पासून 48 पर्यंतची ही रेघ कागदावर आखून ठेवा. सलग चार नोंदी रेघेखाली गेल्या की शिकवण्याची पद्धत बदला, आठवडे संपायची वाट बघू नका. चुकाही टिपा. 'वर्षा'चं 'वषा' आणि 'प्रयाग'चं 'पयाग' होत असेल तर काम रफार-रकारावर. 'ट्रॅक्टर'ला 'टॅक्टर' म्हटलं तर मात्र चूक धरू नका, इकडे मोठी माणसंही तसंच म्हणतात.

दंगा करणाऱ्याला जादा तासाला डांबणं हा आधार नव्हे. दुसऱ्या पातळीवर त्याला सकाळी एका ठरलेल्या शिक्षकांनी दोन मिनिटं भेटायचं, कार्डावर दर तासाला 0, 1 किंवा 2 गुण द्यायचे, सुटताना बेरीज करायची आणि कार्डावर घरच्यांची सही आणायची. लक्ष वेधण्यासाठी दंगा असेल तर हे चालतं. वाचन टाळण्यासाठी असेल तर कार्ड फुकट जातं, आणि वर्गाबाहेर काढलं तर त्याला हवं तेच मिळतं.

कोल्हापूर-सांगलीकडच्या 2019 आणि 2021 च्या पुरानंतरसारखी वेळ आली, तर सगळ्या वर्गाला आधी नेहमीचं वेळापत्रक परत द्यायचं. पाऊस वाढला की ज्यांच्या पोटात दुखायला लागतं, त्यांचा छोटा गट. स्वतःला इजा करण्याची भाषा ऐकू आली तर गट-बिट काही नाही, त्याच दिवशी पालक आणि समुपदेशक. पातळ्या एकेक करत चढाव्या लागत नाहीत. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेची शंका असेल तर तपासणीही लांबवू नका. गट चालू ठेवून ती करता येते, आणि वाचनाच्या नोंदींचा तोच कागद तपासणाऱ्याच्या हातात द्यायचा.